कसोटीची कसोटी

सराफ दागिना कसोटीवर घासतो तेव्हा त्या काळ्या दगडाला सोन्यातले काही कळत असते असे नाही. दगडावर उमटलेली रेघ तो शेजारच्या दुसऱ्या रेघेशी ताडून पाहतो, आणि ती दुसरी रेघ ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची असते. कसोटीचा सगळा भरवसा या दुसऱ्या रेघेवर उभा असतो. वैद्यकातल्या चाचण्यांचेही असेच आहे. रुग्णाच्या रक्तातला आकडा ताडायचा तो निरोगी माणसाच्या आकड्याशी. पण निरोगी माणसाचीच रेघ आज एक आणि उद्या दुसरी उमटत असेल, तर सराफाने काय करावे?

हा प्रश्न वाढ-संप्रेरकाच्या, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या, उद्दीपन चाचण्यांविषयी गेली तीसेक वर्षे विचारला जात आहे. त्यावर झालेले संशोधन वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेले आहे आणि ते बहुधा तज्ज्ञच वाचतात. प्रस्तुत लेखात ते एक वाङ्मय म्हणून वाचण्याचा प्रयत्न आहे. कोणते शोधनिबंध कोणता प्रश्न विचारतात, कोणता विचारायचे टाळतात, आणि त्यांतले ‘निरोगी’ हे पात्र नेमके कोण असते, एवढेच पाहायचे आहे. कुणी उपचार घ्यावा की घेऊ नये याचा सल्ला येथे नाही.

१. चाचणी लागतेच कशाला?

रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांसाठी एकदा सुई टोचली की काम भागते. वाढ-संप्रेरकाचे तसे नाही. मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी हे संप्रेरक सतत पाझरत ठेवत नाही. ते ती उसळ्यांनी सोडते. सर्वांत मोठी उसळी बहुधा रात्री, गाढ झोप लागल्यानंतर लवकरच येते. दोन उसळ्यांच्या मधल्या काळात धडधाकट माणसाच्या रक्तातही हे संप्रेरक जवळजवळ सापडत नाही. म्हणून सकाळी दहा वाजता घेतलेल्या रक्तात ते नसले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विहिरीला पाणी आहे की नाही हे काठावर रिकामी दिसणारी बादली पाहून ठरवण्यासारखे ते होईल.

मग उपाय एकच: ग्रंथीला डिवचायचे आणि ती किती उत्तर देते ते मोजायचे. हे शक्य होण्यासाठी आधी इतक्या सूक्ष्म प्रमाणातले संप्रेरक मोजता यायला हवे होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी पदार्थाच्या साहाय्याने रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. तीच पुढे इतर संप्रेरकांना लागू झाली. बर्सन 1972मध्ये वारले; यालो यांना 1977चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच प्रयोगशाळेतून 1963मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात रॉथ, ग्लिक, यालो आणि बर्सन यांचा एक छोटा निबंध आला. इन्सुलिन देऊन रक्तातली साखर खाली आणली की वाढ-संप्रेरक जोराने उसळते, हे त्यांनी दाखवले. आज जिला इन्सुलिन सहनशीलता चाचणी म्हणतात तिचे मूळ येथे आहे.

या चाचणीचे स्वरूप वाचकाने डोळ्यांसमोर आणावे. माणूस रात्रभर उपाशी. सकाळी शिरेत वजनाच्या किलोमागे साधारण 0.1 ते 0.15 युनिट इन्सुलिन. साखर 40 मिलिग्रॅमच्या खाली जाईपर्यंत वाट पाहायची. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ही लक्षणे दिसली म्हणजे चाचणी नीट चालली आहे असे समजायचे. दोन तासांत चार-पाच वेळा रक्त घ्यायचे आणि त्यांतला सर्वांत वरचा आकडा म्हणजे माणसाचे ‘उत्तर’. डॉक्टर उशाशी बसलेला हवा. फेफरे येणाऱ्याला किंवा हृदयविकार असणाऱ्याला ही चाचणी करायची नाही. लहान मुलांमध्ये अशा चाचण्या जिवावर बेतू शकतात, असा इशारा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 1992मध्येच छापला होता. एवढे सोसून मिळालेला आकडा भरवशाचा असावा, ही अपेक्षा वाजवीच म्हणायला हवी.

२. दोन निबंध, दोन प्रश्न

1994 आणि 1995 या लागोपाठच्या वर्षांत दोन निबंध प्रसिद्ध झाले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की या सगळ्या वादाची किल्ली हाती येते.

पहिला ‘लॅन्सेट’मधला. सिडनीच्या हॉफमन, हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिकेचा आजार निश्चित असलेले 23 रुग्ण आणि वय-वजनाने त्यांच्याशी जुळणारे 35 निरोगी लोक घेतले. चोवीस तासांची सरासरी पाहिली तर दोन्ही गट एकमेकांत मिसळत होते. रक्तातल्या आयजीएफ-1 या दुय्यम खुणेवरूनही ते सुटे होत नव्हते. कित्येक खऱ्या रुग्णांत ती खूण सामान्य निघाली. इन्सुलिन चाचणीत मात्र दोन्ही गट स्वच्छ वेगळे झाले. रुग्णांचा सर्वांत वरचा आकडा मिलिलिटरमागे 3 नॅनोग्रॅमच्या आसपास थांबला, तर निरोगी लोकांचा सर्वांत खालचा 5च्या वर सुरू झाला. मध्ये मोकळी जागा. या निबंधाने चाचणीची पत वाढवली. 1997मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच पोर्ट स्टीफन्स येथे जमलेल्या तज्ज्ञांनी इन्सुलिन चाचणीलाच प्रौढांसाठी पहिली पसंती दिली आणि 3ची रेघ गंभीर कमतरतेसाठी मुक्रर केली.

दुसरा निबंध डेन्मार्कच्या होएक आणि सहकाऱ्यांचा, ‘युरोपियन जर्नल ऑफ एंडोक्रिनॉलॉजी’मधला. त्यांनी विचारलेला प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो: त्याच निरोगी माणसाची तीच चाचणी पुन्हा केली तर तोच आकडा येतो का? उत्तर त्यांनी शीर्षकातच देऊन टाकले. प्रौढांमध्ये या चाचणीची पुनरावृत्ती नीट जुळत नाही.

हे दोन निबंध एकमेकांना खोटे पाडतात का? नाही. हॉफमन यांचा प्रश्न दोन गटांविषयी आहे, होएक यांचा एका माणसाविषयी. हॉफमन यांचाच तक्ता पुन्हा पाहावा. निरोगी लोकांचे आकडे 5च्या थोडे वर सुरू होतात आणि 40च्या पुढे जातात. म्हणजे दोन निरोगी माणसांत आठपट फरक, आणि दोघेही ‘उत्तीर्ण’. निरोगी लोकांचा पट्टा इतका रुंद असल्यामुळेच गट वेगळे दिसतात. पण ज्याचा आकडा आज 40 आहे तो उद्या 20वर आला तरी बिघडत नाही. ज्याचा आज 6 आहे तो उद्या 3वर आला की त्याच्या नावापुढे आजार लिहिला जातो. दोघांचाही आकडा निम्माच झाला आहे. पहिल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसऱ्याचे आयुष्य बदलते.

मराठी समीक्षेत ‘पुनःप्रत्ययाचा आनंद’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. तीच कविता पुन्हा वाचताना वेगळी वाटली तर आपण तिला समृद्ध म्हणतो. मोजपट्टीबाबत मात्र हा उदारपणा परवडत नाही. येथे पुनःप्रत्यय म्हणजे निव्वळ तोच आकडा पुन्हा येणे, आणि तो येत नसेल तर दोष वाचकाचा की संहितेचा, म्हणजे चाचणीचा की देहाचा, हे ठरवावे लागते.

बरेचसे कारण देहातच आहे. हे संप्रेरक सोडा असा आदेश मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग एका रसायनाने देतो आणि थांबा असा आदेश सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या रसायनाने. दोघांची ओढाताण चोवीस तास चालू असते. चाचणीच्या थोडे आधी ग्रंथीची स्वतःची उसळी येऊन गेली असेल, तर डिवचल्यावर ती मंदपणे उत्तर देते. शिवाय साखर दोन्ही वेळा सारखीच खाली जाईल याची हमी नाही. स्त्रियांत इस्ट्रोजेनची पातळी जास्त असेल तर काही चाचण्यांना प्रतिसाद वाढतो. आपण एकदा दार ठोठावतो. आत कोण जागे आहे आणि कोण डोळा लागलेल्या स्थितीत, हे बाहेरून कळत नाही.

३. स्थिर उत्तर, पण कोणत्या प्रश्नाचे?

या चंचलतेवर एक नामी तोड निघाली. 1982मध्ये ‘सोडा’ म्हणणारे ते रसायन, जीएचआरएच, ओळखले गेले. दुसरीकडे अर्जिनिन हे अमिनो आम्ल ‘थांबा’ म्हणणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनला आवर घालते, असे दिसून आले होते. दोन्ही एकत्र दिली की लगाम सैल आणि चाबूकही कडक. ग्रंथी आपला साठा जवळजवळ पूर्ण मोकळा करते, उत्तर मोठे येते आणि पुन्हा केले तरी बरेच जुळते. घाम नाही, थरथर नाही. विश्वसनीयतेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण येथे बारकाईने वाचायला हवे. ही चाचणी थेट पीयूषिकेला विचारते. तिच्या वर बसलेल्या हायपोथॅलॅमसला वगळून. मेंदूच्या गाठीसाठी किरणोपचार घेतलेल्या माणसात आधी नुकसान होते ते बहुधा वरच्या या भागाचे. अशा माणसाची पीयूषिका अजून शाबूत असते. बाहेरून जोरदार आदेश मिळाला की ती भरघोस उत्तर देते आणि अहवालात ‘सामान्य’ असे उमटते. रोजच्या जगण्यात मात्र आदेश देणारेच कुणी नसते. म्हणजे स्थिर उत्तर मिळाले खरे, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे.

विश्वसनीयता आणि यथार्थता या दोन गोष्टी आपण सहज एक समजतो. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ रोज पाच मिनिटे पुढेच असेल तर ते विश्वसनीय आहे, यथार्थ नाही. इन्सुलिन चाचणी मेंदूपासून ग्रंथीपर्यंतचा सगळा रस्ता तपासते म्हणून तिचा प्रश्न योग्य, पण उत्तर डळमळीत. जोडचाचणीचे उत्तर पक्के, पण प्रश्न अर्धा. ही अदलाबदल उघडपणे मान्य करणारे निबंध आहेत. पण जेथे ‘अधिक विश्वसनीय चाचणी’ एवढेच लिहून पुढे जातात, तेथे वाचकाची दिशाभूल होते. पुढे अमेरिकेत 2008मध्ये जीएचआरएचचे व्यापारी उत्पादन बंद झाले आणि तिथल्या डॉक्टरांना ही चाचणी सोडून द्यावी लागली. शास्त्रीय वाद निकालात निघण्याआधीच बाजाराने आपल्यापुरता निकाल दिला.

४. ‘निरोगी’ नावाचे पात्र

आता त्या दुसऱ्या रेघेकडे वळू. या निबंधांतला निरोगी स्वयंसेवक कोण असतो? पद्धतीच्या परिच्छेदात त्याला दोन-तीन ओळी मिळतात: वय अमुक, वजन तमुक, औषधे चालू नाहीत. तो बोलत नाही, त्याला नाव नाही. पण निकाल त्याच्याच जिवावर लागतो.

1991मध्ये इरान्मनेश, लिझाराल्डे आणि वेल्डह्यूस यांनी 21 निरोगी पुरुषांचे रक्त चोवीस तास दर दहा मिनिटांनी तपासले. वयाच्या प्रत्येक दशकामागे संप्रेरकाची निर्मिती सुमारे 14 टक्क्यांनी घटते आणि उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या बीएमआय निर्देशांकात एका एककाची वाढ झाली की दैनिक स्राव सुमारे 6 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे पंचविशीतला सडपातळ विद्यार्थी आणि पन्नाशीतला पोट सुटलेला त्याचा प्राध्यापक, दोघेही निरोगी, तरी दोघांची रेघ एक असूच शकत नाही. संशोधन संस्थांत स्वयंसेवक म्हणून पुढे येतात ते बहुधा तरुण. चाचणीची गरज पडते ती बहुधा मध्यमवयीन, वजन वाढलेल्या माणसाला.

ही अडचण संशोधकांना कळली नाही असे नाही. 2005मध्ये इटलीतील कॉर्नेली आणि सहकाऱ्यांनी जोडचाचणीसाठी एकाऐवजी तीन रेघा सुचवल्या. बीएमआय 25च्या आत असेल तर 11.5, 25 ते 30 असेल तर 8, आणि 30च्या वर असेल तर 4.2 नॅनोग्रॅम. हा प्रामाणिक बदल होता. पण त्याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा: तोवर एकच रेघ वापरून कित्येक जाड पण निरोगी लोकांना कमतरतेचे लेबल लागले असणार. ग्लुकागॉन चाचणीचेही तेच झाले. तिची रेघ 3 होती. 2014मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या निरोगी लोकांपैकी जवळजवळ निम्मे या रेघेखाली गेले. मग अशा लोकांसाठी ती 1वर आणण्याची शिफारस झाली. निम्मे निरोगी विद्यार्थी नापास होतात तेव्हा प्रश्नपत्रिका बदलावी लागते. पण ज्यांचा निकाल आधीच लागून गेला, त्यांच्या गुणपत्रिका कुणी परत मागवत नाही.

येथे आपल्याकडचा एक धागा थेट जुळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले. दोघे मित्र शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीय देह दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगून असतो, हे याज्ञिकांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार त्या एका चित्रात आहे. वाढ-संप्रेरकाच्या प्रतिसादाला खाली खेचण्यात पोटातल्या चरबीचा मोठा हात असतो. तेव्हा इटालियन देहांवर आखलेली ‘25च्या आत’ची रेघ मराठी माणसाला जशीच्या तशी लावली, तर निर्देशांकाप्रमाणे तो सडपातळांच्या रांगेत उभा राहील, पण ग्रंथी उत्तर देईल ते जाड माणसासारखे. त्याला सर्वांत उंच अडथळा ओलांडायला सांगितले जाईल. दुसरी रेघ कोणत्या खाणीतल्या सोन्याची आहे, हे विचारल्याशिवाय कसोटी वापरू नये ती यासाठी.

५. दशांश चिन्हाचा रुबाब

या साहित्यात सर्वाधिक उद्धृत होणारे एक काम म्हणजे बिलर आणि सहकाऱ्यांचा 2002चा, सहा चाचण्यांची तुलना करणारा निबंध. 39 रुग्ण, वय-वजनाने जुळवलेले 34 निरोगी लोक. इन्सुलिन चाचणीसाठी 5.1ची रेघ काढली तर 96 टक्के रुग्ण पकडले जातात आणि 92 टक्के निरोगी सुटतात; जोडचाचणीत 4.1 या रेघेवर हेच आकडे 95 आणि 91. अभ्यास नेटका आहे. पण 34 माणसांवरून काढलेल्या रेघेला दशांश चिन्ह लावले की तिला उगाच रुबाब येतो. 34पैकी एखाद्याची ग्रंथी त्या सकाळी थोडी सुस्त असती तर ही रेघ हलली असती. 5.1 हा निसर्गाचा आकडा नव्हे. त्या माणसांच्या त्या सकाळींचा तो हिशेब आहे.

आणि नॅनोग्रॅम तरी सगळीकडे एकच आहे का? नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रक्तातले वाढ-संप्रेरक एकाच रूपात नसते. 22 हजार डाल्टन वजनाचे मुख्य रूप, त्यापेक्षा लहान 20 हजारांचे, शिवाय त्यांच्या जोड्या. प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड यांतली वेगवेगळी रूपे पकडतात. जुनी मानके मेलेल्या माणसांच्या पीयूषिकांतून काढलेली होती. आता जनुकीय तंत्राने बनवलेले शुद्ध मानक, क्रमांक 98/574, सर्वांनी वापरावे असे ठरले आहे. तरी तेच रक्त दोन प्रयोगशाळांत पाठवले तर दुप्पटीचाही फरक पडू शकतो, असे वारंवार दिसले आहे. जुन्या पद्धतीने मोजून ठरवलेली रेघ नव्या यंत्राच्या आकड्याला लावणे म्हणजे वार आणि मीटर यांची गल्लत करून कापड फाडणे. अहवालावर आकडा ठळक छापतात. मोजण्याची पद्धत आणि मानक असलेच तर तळाशी बारीक अक्षरात.

६. नापास होण्याची किंमत

आतापर्यंतचे सारे पंडिती वाटेल. पण एक साधे गणित करून पाहावे. समजा, थकवा येतो, वजन वाढते, उत्साह नाही एवढ्याच तक्रारीवरून 1000 जणांची इन्सुलिन चाचणी केली आणि त्यांत खरी कमतरता असलेले फक्त 10 आहेत. बिलर यांचेच चांगले आकडे घेतले तर त्या दहांपैकी नऊ-दहा सापडतील. उरलेल्या 990 निरोगी लोकांपैकी मात्र 8 टक्के, म्हणजे सुमारे 79 जण, चुकून नापास होतील. आजारी ठरलेल्या सुमारे 89 जणांत खरे आजारी नऊ-दहाच. आता हीच चाचणी पीयूषिकेची शस्त्रक्रिया झालेल्या 1000 जणांवर करू, ज्यांत निम्म्यांना खरी कमतरता आहे. 480 खरे सापडतील, चुकीचे फक्त 40. चाचणी तीच, रेघ तीच. फरक पडला तो कुणाला विचारले याचा.

हा फरक पुसून टाकण्यात ज्यांचा फायदा आहे असे लोकही आहेत. 1990मध्ये रुडमन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 61 ते 81 वयाच्या 12 पुरुषांना सहा महिने हे संप्रेरक दिल्याचा अभ्यास छापला. स्नायू वाढले, चरबी घटली. बारा माणसांच्या या निबंधाचा हवाला देत म्हातारपण परतवण्याचा एक धंदाच उभा राहिला. ‘पी हळद आणि हो गोरी’ या जातीचा. 2003मध्ये त्याच नियतकालिकाला संपादकीय लिहून वाचकांना सावध करावे लागले. मंजूर आजाराखेरीज इतर कारणासाठी हे संप्रेरक वाटणे अमेरिकन कायद्याने गुन्हा आहे. अशा ठिकाणी नापास झाल्याचा कागद मोलाचा ठरतो, आणि वयामुळे व वजनामुळे ज्यांचा आकडा मुळातच खाली आहे त्यांच्यासाठी तो मिळवणे कठीण नसते. या औषधाचा इतिहासही विसरू नये. पूर्वी ते मृतांच्या पीयूषिकांतून काढत. त्यातून काही जणांना मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार झाल्याचे 1985मध्ये उघड झाले आणि अमेरिकेत ते थांबवले गेले. आजचे औषध प्रयोगशाळेत बनते, तो धोका त्यात नाही. पण गरज नसताना दिलेले औषध निरुपद्रवी असतेच, हा समज त्या प्रसंगाने मोडायला हवा होता.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. पीयूषिकेची गाठ काढलेल्या, किरणोपचार झालेल्या प्रौढांत ही कमतरता खरोखर असते. स्नायू, हाडे, चरबी, उमेद या साऱ्यांवर तिचा परिणाम होतो. चाचण्या डळमळीत आहेत म्हणून त्यांच्यावर उपचार नाकारणे हा अन्यायच. येथे तज्ज्ञांनी घेतलेली एक भूमिका मला या सगळ्या वाङ्मयातली सर्वांत शहाणी वाटते. पीयूषिकेची इतर तीन किंवा अधिक संप्रेरके कमी असतील आणि आयजीएफ-1ही कमी असेल, तर उद्दीपन चाचणी करूच नये. कमतरता आहे असे धरावे. म्हणजे उत्तर आधीच कळलेले असेल तेथे माणसाला घाम फोडायचे कारण नाही. आणि जेथे संशयाला काहीच आधार नाही, तेथेही चाचणी करू नये. कसोटी लागते ती फक्त मधल्या, खऱ्या संदिग्ध जागेत.

लहानपणी कमतरता ठरवलेल्या मुलांचा प्रश्न याच जागेत येतो. अन्य दोष न सापडलेल्या अशा मुलांची वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणी केली तर त्यांतला मोठा हिस्सा सामान्य निघतो. ग्रंथी वयाबरोबर सुधारली असे म्हणता येते, किंवा पहिला निकालच चुकला होता असेही. ज्या चाचणीचा निकाल त्याच निरोगी माणसात बदलतो, ती चाचणी या दोहोंतले कोणते खरे ते सांगू शकत नाही. वर्षानुवर्षे रोज रात्री सुई टोचून घेतलेल्या मुलाने मोठेपणी हा प्रश्न विचारला, तर त्याला द्यायला आपल्याकडे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे.

७. नवा दगड

1999मध्ये जपानमध्ये जठरातून निघणारे घ्रेलिन हे संप्रेरक सापडले. ते भूकही जागवते आणि वाढ-संप्रेरकही. त्याच्यासारखेच काम करणारे, पिण्याचे औषध मॅसिमोरेलिन. त्यावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत डिसेंबर 2017मध्ये मंजुरी मिळाली. तोंडाने घ्यायचे, दीड तासांत चार वेळा रक्त द्यायचे. साखर पाडण्याची भीती नाही आणि पुनरावृत्तीही चांगली जुळते. ही खरी प्रगती आहे. तरीही एक तार्किक पेच उरतो. या नव्या चाचणीचे मोल ठरले ते मुख्यत्वे इन्सुलिन चाचणीशी तुलना करून. जुन्या कसोटीचा भरवसा नव्हता म्हणून नवी आणली, आणि नवी खरी की खोटी हे जुन्या कसोटीला विचारले. दोघींचे निकाल जुळले नाहीत तर चूक कुणाची? तिची मंजूर रेघ 2.8 आहे, ती 5.1 का नसावी यावर चर्चा सुरू झालीच. दगड बदलला, पण रेघेचा वाद तसाच राहिला.

या साहित्यावरचा माझा मुख्य आक्षेप चाचण्या सदोष असण्यावर नाही. देहच उसळ्यांनी जगत असेल तर मोजपट्टी थरथरणारच. आक्षेप आहे तो लिहिण्याच्या पद्धतीवर. निरोगी माणसाला एकदा मोजायचे, त्याच्या त्या एका सकाळीला प्रमाण मानायचे आणि त्यावरून एक रेघ आखून ती जणू देहातच कोरलेली होती अशा थाटात छापायची. होएक यांच्यासारखे, त्याच निरोगी माणसाला पुन्हा बोलावून पुन्हा मोजणारे निबंध त्या मानाने थोडे आणि दुर्लक्षित. नव्या शोधाला मान मिळतो. जुने पुन्हा तपासणाऱ्याला संपादक ‘यात नवीन काय?’ असे विचारतात. साहित्याच्या क्षेत्रातही संहिता पुन्हा पडताळून पाहणाऱ्याच्या वाट्याला याहून वेगळे काही येत नाही.

आपल्या भाषेत प्रकृती बरी असलेल्या माणसासाठी दोन शब्द आहेत. ‘निरोगी’ म्हणजे ज्याला रोग नाही तो. हा शब्द नकारावर उभा आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर असलेला. या संशोधनाने दुसऱ्या शब्दाला चांगलाच धक्का दिला आहे. निरोगी माणूस आतून मुळीच स्वस्थ नसतो. त्याची ग्रंथी रात्री उसळते, सकाळी गप्प होते, पोट सुटले की मंदावते, वयाबरोबर थकते. चाचणीच्या कागदावर 4.9 हा आकडा वाचून हबकलेल्या माणसाला आणि तो वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरालाही एवढे तरी विचारता आले पाहिजे: हा आकडा पुढच्या आठवड्यात किती आला असता, कोणत्या पद्धतीने मोजला, आणि ज्याच्याशी ताडला तो निरोगी माणूस माझ्यासारखा होता का? या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात छापायला फार जागा लागत नाही. चार ओळी पुरतात.